ऐंशीच्या वरची थरथर

हसायचं तर पूर्ण ऐकून हसा, एवढीच माझी अट आहे. कारण हा घोळ मी एकटीनं, कोणाचीही मदत न घेता घातला आहे!

आमच्या ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मागे राहिलो आम्ही दोघी, मी आणि ह्यांची पांढरी गाडी. मुलगा नीलेश पुण्याला. भंडाऱ्याच्या घरात मी एकटी. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले. लाखनीजवळच्या आमच्या धानाच्या शेतावर जायला सोय, असं सगळ्यांना सांगते. खरं सांगू? घरात दिवसभर बोलायला कोणी नसतं. रस्त्यावर निदान मागचा ट्रकवाला हॉर्न तरी देतो!

तर यंदा रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या, दिवसांत गाडी बांधाजवळ चिखलात रुतली. चाकं नुसती गरगर फिरली, शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढली. रोवणीच्या बाया पोट धरून हसल्या. मी घरी येऊन गाडी आरशासारखी धुतली आणि ठरवलं, ही गोष्ट कोणालाच सांगायची नाही.

पण पुढच्याच आठवड्यात हायवेवर काटा ऐंशीच्या वर गेला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. साठवर आणा, एकदम शांत! मी नागपूरच्या वाटेवरच्या शहापूरला गणेशभाऊ मेकॅनिककडे गेले.

"काकू, गाडी चिखला-बिखलात गेली होती का?"

"छ्या! माही गाडी कायले चिखलात जाईन?"

"मंग उभ्या-उभ्या नाही समजत. पळवून पाहावं लागन. सवडीनं आणा."

घरी आले आणि नीलेशला फोन लावला. तो कायम घाईत. 'गाडी' हा शब्द मी उच्चारला होता हो, देवाशपथ! पण तो नेमका त्याच्या "एक मिनिट हं आई"खाली दबला.

"हां, बोल आता. काय म्हणत होती?"

"अरे, ऐंशीच्या वर गेलं का थरथर सुरू होते."

तो म्हणाला, "खालचं ऐंशीच्या वर? कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस. साठ-सत्तरले काहीच नाही. नव्वदले त पूर्ण बॉडी हालते."

"आई! कोणाले दाखवलं?"

"शहापूरले दाखवलं. तो म्हणे पळवून पाहावं लागन."

"पळवून? बिलकुल पळू नको तू! मी उद्या येऊन राहिलो."

मी तर भारावले. बापाच्या गाडीवर केवढा जीव पोराचा! तेवढ्यात त्याचा मेसेज आला: 'मीठ बंद कर. पाय उंचावर ठेवून झोप.'

गाडीला मीठ?

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खालचं ऐंशी म्हणजे खालचं बीपी! मी फोन उचलला. त्याचा नंबर काढला. आणि फोन ठेवून दिला.

काय करू, सांगा! याआधी तो बापाच्या वर्षश्राद्धाला आला होता, तोही दीड दिवसासाठी. फोन ठेवला आणि मी एका वाटीऐवजी दोन वाट्या तांदूळ निवडायला घेतले. खरं सांगितलं असतं तर तो आलाच नसता!

दुसऱ्या दिवशी तो आला. चेहरा उतरलेला, हातात फळं. मला चालूसुद्धा देईना. नागपूरच्या डॉक्टरकडे नंबर लावूनच आला होता. मला गाडीत बसवलं, स्वतः चालवायला घेतली. शहापूर दिसायला लागलं, काटा ऐंशीच्या वर गेला आणि झालं सुरू! थर्रर्र...

"आई, गाडी काहून अशी थरथरून राहिली?"

मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

त्यानं वेग साठवर आणला. थरथर बंद. पुन्हा ऐंशी केला. थरथर चालू. मग माझ्याकडे पाहिलं.

"आई... तू फोनवर गाडीचं सांगत होती?"

"हो."

"मंग मीठ?"

"सोडलं ना मी! कालपासून अळणीच जेवून राहिली."

त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. खांदे हलत होते. मला वाटलं, हसतोय, सुटले बाई! पण तो हसत नव्हता.

"रातभर झोपलो नाही आई," एवढंच म्हणाला. "बाबांच्या वेळेसही फोनवर असंच काहीतरी अर्धंमुर्धं ऐकलं होतं मी."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग तशीच गाडी गणेशभाऊंच्या दारात नेली. त्यांनी जॅक लावून पुढचं चाक काढलं. रिमच्या आत चिखल वाळून दगडासारखा बसला होता, वर रोवणीची दोन वाळकी रोपं!

"काकू, अर्धा बांध घेऊन फिरून राहिल्या तुम्ही! एका बाजूचं वजन वाढलं का चाक वेगात थरथरतेच."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं खरडून चिखल काढला, चाकांचं बॅलन्सिंग केलं. गाडी शंभरावरही लोण्यासारखी चालली.

आता परत फिरावं की नाही? पण नीलेश म्हणाला, नंबर लावलाच आहे, दाखवून घेऊ. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि काय सांगू, खालचा आकडा ऐंशीच्या चांगलाच वर! थरथर मात्र काहीच नव्हती. म्हणजे गाडी बरी झाली आणि रोजची गोळी लागली मला!

तिसऱ्या दिवशी नीलेश गेला. पण आता रोज सकाळी आठला फोन येतो.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"बरं, ठेवतो."

झालं! पोहे परतायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. एके दिवशी मी सहज म्हटलं, "अगंबाई, विसरलीच." तर पठ्ठ्या वीस मिनिटं बोलला! रागावला, समजावलं, मग ऑफिसच्या गोष्टी सांगितल्या, खानावळीच्या भाजीला नावं ठेवली. फोन ठेवल्यावरही घर कितीतरी वेळ भरल्यासारखं वाटत होतं. तेव्हापासून मी आठवड्यातून दोनदा विसरते. गोळी वेळेवर घेते हो! फक्त विसरते.

परवा त्याचा फोन आला. आवाज फार हळू, फार प्रेमाचा.

"आई, घाबरू नको. तुझं विसरणं वाढलं ना, म्हणून मेंदूच्या डॉक्टरकडे नंबर लावला. मी चार दिवसांची सुट्टी घेऊन येऊन राहिलो."

मी "बरं," म्हटलं. आणि फोन ठेवल्याबरोबर त्याच्या येण्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली. विसरायला नको!