टोपलीवरचं शेवाळ

ओल्या शेवाळाचा खारट वास आला की कळव्याच्या खाडीकाठचं आमचं अंगण आठवतं. बाप पहाटे चिंबोऱ्या धरून आला, नांग्या बांधून त्या टोपलीत ठेवल्या, त्यांच्यावर खाडीचं शेवाळ पसरलं आणि ओटीवर आडवा झाला, तो उठलाच नाही. माणसं जमली. आई मला एवढंच म्हणाली, "शेवाल सुकू देऊ नको गो, चिंबोऱ्या मरतील." मी दिवसभर त्यावर खारं पाणी शिंपडत बसले. बापाला उचलून नेलं, पुलावरून आगगाडी गेली, तरी माझा हात थांबला नाही. संध्याकाळी आईनं एकेकीची दोरी काढून सगळ्या खाडीत सोडल्या. एकही मेली नव्हती. आता मी म्हातारी झाले. कुठं शेवाळ वाळताना दिसलं की अजून ओंजळीत पाणी घेते. बापासाठी रडायचं मात्र राहूनच गेलं.