हायवेवरचं गाऱ्हाणं

गाडी सुरूच न होणं आणि गाडी चालता चालता बंद पडणं, या दोन गोष्टींत किती फरक आहे हे मला या वर्षी कळलं. सुरू न होणारी गाडी निदान आपल्या दारात तरी उभी असते. तिला दोन शिव्या घालाव्यात आणि रिक्षा पकडावी. आमच्या गाडीची तऱ्हा वेगळी होती. मजेत चाललेली असायची, एसी चालू, गाणी चालू, आणि मध्येच मरायची. आचका नाही, धूर नाही, आवाज नाही. पहिल्यांदा मुलुंडला आमच्याच गल्लीत झालं, मग भांडुपच्या सिग्नलपाशी. थोडं थांबून चावी फिरवली की पुन्हा सुरू, जणू काही घडलंच नाही. गॅरेजमध्ये नेली की मात्र शहाण्या मुलीसारखी वागायची. त्यांनी बॅटरी बदलली, पंप साफ केला, चार चकरा मारून पाहिल्या आणि म्हणाले, "मॅडम, आता बिनधास्त चालवा." मी बिनधास्त चालवली आणि आठवड्याभरात ती पुन्हा तशीच मेली.

तेव्हाच माझ्या आईच्या काळजाचंही काहीतरी बिनसलं होतं. ठोके फार मंद पडायचे आणि मधूनच एखादा चुकायचा. मग तिला घेरी यायची. डॉक्टरांनी पेसमेकर बसवायचं ठरवलं होतं, पुढच्या आठवड्यातली तारीख दिली होती. आई याचीही थट्टा करायची. "माझा काळीज आणि तुझी गाडी, दोघांक एकच रोग झालो," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायची.

आई मूळची वेंगुर्ल्याकडची. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी भांडुपला एका कारखान्यात रखवालदारी केली, मी तिथल्याच चाळीत वाढले. आयुष्य मुंबईत गेलं तरी आईची मालवणी काही सुटली नाही. बाबा गेल्यावर मी तिला आमच्याकडे मुलुंडला आणलं, तेव्हा ती सोबत साड्यांच्या दोन पिशव्या आणि गावच्या रवळनाथाची तसबीर घेऊन आली. रोज आंघोळ झाली की तसबिरीपुढे उभी राहून ती गाऱ्हाणं घालते. आमच्याकडे देवाला मनातल्या मनात मागायची रीत नाही. त्याच्याशी खणखणीत आवाजात, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलायचं. घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं, त्याची अडचण सांगायची, आणि प्रत्येक मागणीनंतर भोवती जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" असा होकार द्यायचा. आमच्या फ्लॅटमध्ये होकार द्यायला कोणी नव्हतं. नवरा आठाच्या आत घराबाहेर आणि मी डबा, कुकर, बँकेची घाई यात. म्हणून आई मागणीही स्वतःच करायची आणि "व्हय म्हाराजा"ही स्वतःच म्हणायची.

माझा देवावर राग नव्हता. बाबांच्या आजारपणात मी पुष्कळ मागितलं होतं. मिळालं नाही. त्यानंतर मी मागणं सोडून दिलं, एवढंच. आई गाऱ्हाण्यात माझं नाव घ्यायची तेव्हा मला बरं वाटायचं, पण ते आई आपल्याला विसरत नाही म्हणून. पलीकडे कोणी ऐकत असेल असं मला वाटत नव्हतं.

त्या दिवशी मी घरीच होते. नवरा कामासाठी नाशिकला गेला होता. दुपारच्या सुमाराला आई मेथी निवडत बसली होती आणि बसल्या जागी कलंडली. मी पाणी मारलं, हाका मारल्या. तिने डोळे उघडले, पण हात बर्फासारखे गार. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, आत्ता घेऊन या. हॉस्पिटल घाटकोपरला. मी अँब्युलन्स बोलवायला निघाले तर आईने माझा हात घट्ट धरला. "त्या बोंबलणाऱ्या गाडीत मी बसूचंय नाय. तुझे बाबा त्याच गाडीतसून गेले ते परत इले नाय." टॅक्सी बघितली, एकजण हो म्हणाला आणि मग येईना. शेवटी मी आमच्याच गाडीची चावी उचलली. दुसरा रस्ता दिसत नव्हता.

हायवेला लागेपर्यंत मी जवळजवळ श्वास रोखूनच चालवत होते. आई शेजारच्या सीटवर, वाऱ्यासाठी काच खाली करून, मान मागे टेकून बसली होती. भांडुप मागे पडलं, कांजुरमार्ग आलं. गाडी छान पळत होती. मला जरा धीर आला आणि एका पाण्याच्या टँकरला मागे टाकायला मी उजव्या लेनमध्ये गेले. पुढे पुलाचा चढ सुरू होत होता. तिथेच ती मेली.

डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम गेले. स्टिअरिंग हातात दगडासारखं झालं, दोन्ही हातांनी ओढलं तरी वळेना. ब्रेकवर पाय दिला तर तो लाकडाच्या फळीवर दिल्यासारखा. चढामुळे वेग आपोआप कमी झाला आणि दुभाजकाला लागून, भर उजव्या लेनमध्ये गाडी थांबली. मागे घरंगळू नये म्हणून मी हँडब्रेक ओढला. दोन्ही बाजूंच्या पिवळ्या दिव्यांचं बटण दाबलं. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही.

"काय झाला गे?" आईने डोळे न उघडता विचारलं.

"बंद पडली, आई."

डावीकडून गाड्या सूं सूं करत जात होत्या. आईला बाहेर काढायचं तर नेणार कुठे? तिला चार पावलं चालवत नव्हती. मी आरशात पाहिलं आणि मागून एक डंपर येताना दिसला. मातीने भरलेला, तोंड पिवळं, आमच्याच लेनमध्ये, चढ घ्यायचा म्हणून वेगात. तो आरशात मोठा होत होता. मी हॉर्नवर हात ठेवला, पण हॉर्न कुणासाठी वाजवत होते तेही कळत नव्हतं. मग हॉर्न सोडला आणि आईचा हात धरला. करण्यासारखं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

आणि आईने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. घाबरून नाही, ओरडून नाही, रोज सकाळी घालते त्याच आवाजात. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज तुझी लेकरा वाटेत अडाकली हत. माझा चेडू माका घेवन निघाला हा, तेचा काय चुकला नाय. माझा काय व्हयचा आसात ता होवंदे, पण तेका सुखरूप ठेव रे म्हाराजा..."

टायरांचा किंचाळल्यासारखा आवाज आला. मी डोळे मिटले. धडक बसली नाही. डोळे उघडले तर आरशात नुसता पिवळा रंग दिसत होता, बाकी काहीच नाही. डंपर आमच्या मागे थोड्या अंतरावर तिरका उभा होता. अशा बेताने, की मागून येणारी प्रत्येक गाडी आधी त्याला वळसा घालेल. ज्याच्याखाली आपण जाणार असं मला वाटलं होतं, तोच भिंतीसारखा आमच्या पाठीशी उभा होता.

चालक खाली उतरला. पन्नाशीचा, अंगाने आडवा, गळ्यात पंचा. मागचे लोक हॉर्न वाजवून त्याचा उद्धार करत होते, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं. तो आईच्या खिडकीपाशी आला. आईचं गाऱ्हाणं चालूच होतं, ती मध्ये थांबत नाही. "...आणि जो कोणी वाटेत मदत करीत, तेच्या घरादाराक, पोराबाळांक राखण दी रे म्हाराजा!"

खिडकीबाहेर त्या माणसाने मान खाली घातली, हात जोडले आणि पुलावरच्या त्या गोंगाटात मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

आईने डोळे उघडले. त्याच्याकडे बघून ती अशी हसली की मला भांडुपच्या चाळीतली, माझ्या लहानपणची आई आठवली. "खंयचो रे तू, झिला?"

"कुडाळचो, आये. तुमी?"

"वेंगुर्ला."

"मगे शेजारीच!" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ताई, काय झालं?"

मी काय सांगितलं ते धड आठवत नाही. आई, हॉस्पिटल, घाटकोपर, गाडी मरते, असंच काहीतरी. बोलता बोलता मला रडू फुटलं. त्याने मला रडू दिलं. मग म्हणाला, "परत चावी मारून बघ." मी फिरवली आणि गाडी सुरू झाली. नेहमीसारखी. पण मी गिअर टाकला नाही. मी म्हटलं, "दादा, माझ्याने नाही होणार. ती पुन्हा बंद पडेल."

"पडूंदे ना," तो म्हणाला. "मी मागे आहे. तू डाव्या बाजूने सावकाश चल. पडली तर पडली, मी मागे थांबेन. माझ्यावरून कोण तुझ्यापर्यंत येत नाय. आयेकडे बघ आणि चल."

तो डंपरमध्ये चढला. हात बाहेर काढून त्याने गाड्या अडवल्या आणि आम्हाला डावीकडे येऊ दिलं. मग सुरू झाला तो प्रवास. मी हळू चालवत होते आणि आरसाभर तो डंपर होता. थोड्या वेळापूर्वी ज्याच्याकडे बघून माझं रक्त गोठलं होतं, त्याच्याकडेच मी आता पुन्हा पुन्हा बघत होते, आहे ना, आहे ना म्हणून. आणि तो होता. विक्रोळीपाशी गाडी पुन्हा मेली. खरं सांगते, त्या वेळी मला भीती वाटली नाही. दिवे गेले, स्टिअरिंग जड झालं, मी गाडी कडेला घरंगळू दिली. मागे तो थांबला. आई म्हणाली, "घाय करू नको, बाये." गाडी थोडा वेळ तशीच राहू दिली. मग मी चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, मागून तोही निघाला.

घाटकोपरला आम्हाला आत वळायचं होतं. तो सरळ जाणार होता. मी वळले तेव्हा त्याने दिवे दोनदा लुकलुकवले. आईने खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. थांबून आभार मानायला जागा नव्हती. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचरवर घेताना आई पुन्हा बेशुद्ध झाली. डॉक्टरांनी तिला लगेच आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी किती वेळ बसले होते ते माहीत नाही. मी मागणं सोडलं होतं, आणि त्या दिवशीही काही मागितलं नाही. पण मनात एक शांतपणा होता, तो माझा नव्हता. जे व्हायचं ते होईल, आणि जे होईल त्यात मी एकटी नसेन, असं आतून वाटत होतं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, पेसमेकर बसला, ठोके नीट पडताहेत, आजी जेवायला मागताहेत.

नंतर गाडीचंही कळलं. दुसऱ्या गॅरेजवाल्याने चावीचं कुलूप उघडून पाहिलं. आतला स्विच झिजला होता. रस्त्यात हादरा बसला की तो निसटायचा आणि इंजिनला वीजच मिळायची नाही. एवढंसं कारण. स्विच बदलला, गाडी आजवर बंद पडलेली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण गाडी का मेली यात गूढ असं काही नव्हतं. ती त्याच चढावर, त्याच क्षणी सुरू झाली यातही कदाचित नसेल.

तरी दुसऱ्या दिवशी, आई पेज पीत असताना, मी तिला विचारलंच. "आई, तो कोण होता गं? रवळनाथच आला होता का?"

आई एवढी हसली की तिला टाके दुखले. "येडी काय गे तू? देव डंपर कित्याक चालवीत? माणूस हुतो तो. कुडाळचो. घरी तेची बायल वाट बघीत आसतली, आमच्यापायी तेका उशीर झालो." मग वाटी खाली ठेवून, तोंड पुसून ती म्हणाली, "पण माणसाक थांबूची बुद्धी देवच देता. तेवढाच तेचा काम. बाकी सगळा माणसानीच करूचा आसता."

मी तिची रिकामी वाटी उचलली. मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे हात टेकणं. पण त्या दुपारी मी हात टेकले नव्हते. स्टिअरिंग माझ्याच हातात होतं, चावी मीच फिरवत होते, रस्ता मीच बघत होते. फक्त पाठीमागचं जे माझ्या हातात नव्हतं, ते मी सांभाळायचं सोडून दिलं होतं. ते कोणीतरी सांभाळत होतं. त्या भल्या माणसाला माझे आभार कधी पोचणार नाहीत. म्हणून मी ते देवाकडे ठेवते. त्याला पत्ता ठाऊक असेल.

हल्ली सकाळी कुकर लावला की गॅस बारीक करून मी आईपाशी जाऊन उभी राहते. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. ती गाऱ्हाण्याच्या मध्ये थांबत नाही, माझ्याकडे वळूनही बघत नाही. फक्त थोडी बाजूला सरकते, मला जागा व्हावी म्हणून.