वाट्याला आलेल्या गोळ्या

माझ्या मोठ्या जाऊबाई, सुहासिनीताई, यांना काही म्हणता काही टाकवत नसे. शिळ्या पोळीचा कुस्करा, विटलेल्या पातळाची गोधडी, टूथपेस्टची नळी संपली की कात्रीने उभी चिरून आणखी आठवडाभर. मला या काटकसरीचा मनस्वी राग यायचा. पण बदलापूरला कात्रप भागातला त्यांचा फ्लॅट त्याच काटकसरीवर झाला, हेही खरं.

माझे थोरले दीर श्यामकांतदादा अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑफिसर होते. नवरा-बायको दोघांनाही बीपी. सकाळच्या चहानंतर दोघं समोरासमोर बसून आपापली गोळी घेत. एक्क्याण्णव साली दादा गेले. त्याआधीचं लांबलेलं आजारपण एकट्या ताईंनी काढलं होतं. दिवसकार्य झाल्यावर नातेवाइकांनी कपाट उघडलं. कोट पुतण्याला, घड्याळ भाच्याला, चपला वॉचमनला. गोळ्यांची पाकिटं मात्र कुणी उचलली नाहीत. ती ताईंच्या वाट्याला आली.

आणि त्यांनी काय करावं? स्वतःची गोळी बंद करून दादांची सुरू केली. बीपीचीच तर आहे, वाया कशाला घालवायची, म्हणे. कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

थोड्याच दिवसांत त्यांची छाती धडधडू लागली. हात थरथरत, डोकं ठणके, जिना चढताना कठडा धरावा लागे. भेटायला येणारे मान हलवत. "एवढ्या वर्षांची सोबत, धसका बसणारच हो." ताईही तसंच समजत होत्या. आल्यागेल्यासाठी चहा ठेवायचा, तीच हकीकत पहिल्यापासून सांगायची, कपबशा विसळायच्या, यातच त्या पार थकून गेल्या होत्या. उल्हासनगरहून, कॅम्प चारमधल्या आमच्या घरून, माझ्या खेपा चालूच होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही वैतागले होते. एके सकाळी त्या छाती आवळल्यासारखी होतेय म्हणाल्या, तेव्हा मात्र मी रिक्षा करून त्यांना सरळ आमच्या डॉक्टर केवलरामाणींकडे आणलं.

डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, बीपी बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. "भाभी, गोळी कौनसी चालू आहे?"

ताईंनी पिशवीतून दादांचं पाकीट काढून दिलं. ह्यांची संपवतेय, माझी बंद केली, असं त्या म्हणाल्या; त्यांची स्वतःची कुठली होती ते मला माहीत होतं, मी सांगितलं.

"ही तर लघवीवाटे पाणी काढणारी," डॉक्टर म्हणाले. "तुमची होती ती हार्टचा वेग आवरणारी. तिला अशी एकदम तोडायची नसते, भाभी. दिल पळायला लागतं, बीपी उसळतं, अटॅकपण येऊ शकतो. बदलायची असेल तर मला सांगा. थोडी थोडी कमी करत, बीच में बीपी बघत बदलतात. आणि दुसऱ्याची गोळी कधीच घ्यायची नाही. मिस्टरांचीपण नाही."

"म्हणजे हे दुःखाने नाही?" ताईंनी विचारलं.

"दुःख अलग आहे, भाभी. ही धडधड गोळी तोडल्याची आहे."

ईसीजीत काही वाईट निघालं नाही. डॉक्टरांनी त्यांची जुनी गोळी पुन्हा चालू केली आणि रोज बीपी दाखवायला सांगितलं, म्हणून मी त्यांना आमच्याकडेच ठेवून घेतलं. धडधड हळूहळू ओसरली. मला हायसं वाटलं.

आणि एका सकाळी बघते तर ताई गोळी हातात धरून नुसत्याच बसलेल्या.

"आता काय झालं, ताई?" मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"उमा, छाती धडधडायची ना, तेव्हा वाटायचं, ह्यांच्यासाठी जिवाची एवढी तगमग होतेय. आता काहीच होत नाही. उशीला डोकं टेकलं की गाढ झोप लागते. लाज वाटते गं मला. ही घेतली नाही तर पुन्हा तसं होईल ना?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडूच आलं. मी त्यांच्याजवळ बसले.

"ताई, तुम्ही दमलाय हो," मी म्हटलं.



"फार दमलेय," त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि ऊन वर आलेलं असताना पुन्हा जाऊन झोपल्या.