निळ्या रॉकेटवरचा पिवळा पट्टा

सरावाच्या रॉकेटवर पिवळा पट्टा असेल तर त्याचा अर्थ काय, या एकाच प्रश्नाचे उत्तर मी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये शोधायला घेतले आणि त्याच दुपारी आमची चार मजली इमारत रिकामी झाली.

साधारण २०१४चा ऑक्टोबर असेल. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लोरेन्झ यांना महिनाअखेरीस वृद्धाश्रमात जायचे होते. खोली लहान, सामानातून त्यांनी एकच वस्तू निवडली होती. त्यांचे दिवंगत पती एर्न्स्ट लष्कराच्या कार्यशाळेत होते. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना सरावाचे एक रिकामे रॉकेट भेट दिले होते. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "निरुपद्रवी असल्याचा लेखी कागद आणा, तरच!"

"हेर देवधर, तुम्ही शिक्षक होतात. तुम्हाला कळेल," फ्राऊ लोरेन्झ म्हणाल्या. (जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत, 'फ्राऊ' म्हणजे श्रीमती.)

मी साताऱ्याला बावीस वर्षे विज्ञान शिकवले आहे. 'कळणार नाही' हे वाक्य मला येत नाही!

रॉकेट आमच्या हॉलमध्ये आले. मी वहीत तक्ता आखला. साधारण नियम असा: निळे अंग म्हणजे सरावाचे, पिवळा पट्टा म्हणजे आत स्फोटक. पहिल्या दिवशीची नोंद: 'अंग निळे. अक्षरे पांढरी. पट्टा नाही.' तीन दिवसांनी, लष्करी वस्तूंच्या एका संग्राहक मंडळाच्या चिटणिसांना पाठवण्यासाठी फोटो काढताना पाहतो तर टोकाखाली स्पष्ट पिवळा पट्टा!

दुसरा कोणी दचकला असता. मी माझ्या पहिल्या नोंदीखाली लाल शाईने 'निरीक्षणात निष्काळजीपणा' असा शेरा मारला, पट्टा मोजला (रुंदी दोन सेंटीमीटर, कडा किंचित अस्थिर) आणि फोटो पाठवून दिला.

वीस मिनिटांत उत्तर आले. 'हात लावू नका. बाहेर पडा. पोलिसांना कळवले आहे.'

मग पोलीस आले, फिती लागल्या, आणि आम्ही सगळे भर पावसात शेजारच्या शाळेच्या व्यायामशाळेत जाऊन बसलो. कोणी बोलत नव्हते. जर्मन शेजाऱ्यांचे न बोलणे फार सविस्तर असते. फ्राऊ लोरेन्झ घरातल्या सपातांवरच आल्या होत्या.

"लहानपणी, युद्धात, अशीच एकदा घराबाहेर पडले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा आईने हात धरला होता. आज एर्न्स्टचं रॉकेट फोडून टाकणार ना?"

मुक्कामाला आलेल्या माझ्या सासूबाईंना जर्मन येत नाही; त्यांनी नुसताच फ्राऊ लोरेन्झ यांचा हात धरला.

तासाभराने स्फोटकतज्ज्ञ आत आले. त्यांचे एक बोट पिवळे होते.

"आल्झो, तर मग, हा रंग कोणी लावला? याला स्वयंपाकघराचा वास येतो."

मी तत्परतेने भाषांतर केले. सासूबाई ताठ बसल्या.

"रंग? अहो जावईबापू, हळद आहे ती! घरची कांडलेली!"

"हळद? रॉकेटला?"

"काल खंडेनवमी होती ना? तुम्ही वहीत डोकं घालून बसला होतात. घरात एवढं थोरलं शस्त्र असताना मी काय नुसत्या तुमच्या पान्याची पूजा करायची?"

"पण पट्टा कशाला ओढलात?"

"गोल गुळगुळीत मेलं, बोट ठरेना! कुंकू बॅगेत सांडलं, नाहीतर लाल पट्टाही काढला असता!"

माझी पत्नी मेधा थंडपणे म्हणाली, "अहो, तुम्ही ती हळद मोजलीत?"

(मोजली होती. दोनदा.)

शस्त्रपूजेची गोष्ट मी तज्ज्ञांना आणि फ्राऊ लोरेन्झ यांना जर्मनमध्ये समजावली. रॉकेट रिकामेच निघाले. पोलिसांनी तसा कागदही दिला: 'निळे, पट्टा नाही, निरुपद्रवी.' पण हळद पुसली तरी डाग राहिला. व्यवस्थापक बाईंनी एकदा कागद पाहिला, एकदा रॉकेट.

"कागदावर पट्टा नाही. यावर आहे."

"तो पट्टा नव्हे, डाग आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. डागाचा कागद आणा."

फ्राऊ लोरेन्झ एकट्याच गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

सासूबाई म्हणाल्या, "हळदीचा डाग उन्हात उडतो." शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर! फक्त तो ब्राउनश्वाइगचा नोव्हेंबर होता. डिसेंबरात सव्वा तास ऊन पडले. तेव्हा मी दंतवैद्याकडे होतो. सबंध हिवाळा मी रॉकेट बाल्कनीतून आत आणि आतून बाल्कनीत नेत राहिलो. शेजारी पडदे ओढून घेत. रोजची नोंद: 'आकाश राखाडी. डाग पिवळा.'

एप्रिलमध्ये डाग गेला. मी रॉकेट घेऊन वृद्धाश्रमात पोहोचलो. व्यवस्थापक बाईंनी कागद आणि रॉकेट ताडून पाहिले आणि मान हलवली. खिडकीपाशी बसलेल्या फ्राऊ लोरेन्झ यांच्यासमोर मी ते उभे केले. त्यांनी चष्मा लावला आणि टोकाखालून बोट फिरवले.

"पट्टा कुठे गेला?"

"घालवला! पाच महिने लागले!" मी अभिमानाने सांगितले.

"कशाला? एर्न्स्टच्या वस्तूचा इतका मान आजवर कोणी केला नव्हता," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागल्या.

ट्राममध्ये मी वही उघडली आणि शेवटची नोंद केली: 'पट्टा: नाही. तक्रार: आहे.'

रंग आणि खुणांविषयी वर जे लिहिले आहे ते माझ्या या वहीतून घेतले आहे. वाचकांनी कृपया ते स्वतः तपासून घ्यावे.