गच्चीवरच्या काठीनं पळवलेला पाऊस

गेल्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या अध्यक्षांनी माझ्या अँटेनाची वायर कापली. मला न विचारता. आठवलं की अजून डोकं तापतं.

अँटेना म्हणजे गच्चीवरच्या पाइपाला बांधलेली हातभर पांढरी काठी. वरून जाणारी विमानं आपला ठावठिकाणा रेडिओ सिग्नलनं सतत कळवत असतात. ही काठी तो ऐकते आणि माझ्या कॉम्प्युटरच्या नकाशावर विमानं उमटतात. नोकरी सुटल्यावर मला हा नाद लागला. त्यातली खरी मौज हवामानाची. हिवाळ्यात रात्री जमीन गार पडते, वर उबदार हवा राहते आणि त्या थरांतून सिग्नल वाकून फार लांबून येतात. एरवी नाशिकपल्याडचं मुश्किलीनं दिसायचं. एका थंड सकाळी मात्र चहा घेताना मुंबईच्याही पुढची, पार समुद्रावरची विमानं दिसली. ऊन चढलं तशी एकेक गळाली.

मग त्या पावसाळ्यात पावसानं ओढ दिली. ढग वेरूळच्या बाजूनं यायचे आणि न बरसताच जायचे. कुणीतरी उठवलं, गच्चीवरच्या यंत्रानं ढग पांगतात. एका दुपारी नकाशा एकदम रिकामा झाला. वर गेले, तर अध्यक्षकाका हातात पक्कड घेऊन उभे.

"वहिनी, लोकांची वावरं वाळायलीत. माझाबी मका हाय कन्नडला."

"काका, ती काठी हवेत काहीच सोडत नाही, नुसती ऐकते. हवेचा परिणाम तिच्यावर होतो, तिचा हवेवर नाही!"

"तुम्ही शिकलेल्या. आम्हाला काय कळतंय?" म्हणाले आणि जिना उतरले.

बँकेत साहेब म्हणून रिटायर झालेला माणूस हा! पीक वाळण्याचं दुःख मला कळत होतं. माझे सासरे मेंढरं राखत, आभाळाकडं बघतच जगले. पण म्हणून दुसऱ्याची वस्तू तोडायची?

"जाऊ दे, शेजारी आहेत," नवरा म्हणाला.

मी शहागंजच्या बाजारातून नवी वायर आणली आणि त्याच संध्याकाळी जोडली. काका तेव्हा मका बघायला गावी गेले होते.

आठवड्याभरात पाऊस आला. जिन्यात काका भेटले, चेहरा फुललेला.

"बघा वहिनी, वायर काढली अन् आला का नाय?"

"काका, ती त्याच दिवशी परत जोडलीय. आत्ताही वर चालू आहे."



"तरीच," काका म्हणाले, "म्हटलं, लई कमी कसा पडला!"