चांगुणेचं लेबल

भामा घरतच्या रागाची कीर्ती पनवेलच्या त्या शाळेजवळच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. "ही पेन्सिल नको, ती दाखवा, ती पण नको" असं कोणी सुरू केलं, की ती बरणीचं झाकण असं आपटते की गिऱ्हाईक मुकाट्यानं पहिलीच पेन्सिल घेऊन चालायला लागतं. पाटी-पुस्तकांचं दुकान तिचं, राबणं तिचं, आणि नवरा महादेव गल्ल्यावर बसणार तो पेपर वाचायला. मूळची ही माणसं ओवे गावची. जमीन गेली तेव्हा पनवेलात जागा घेतली: खाली दुकान, मागे घर, वर भाड्यानं द्यायची एक खोली. बायकोचा आवाज चढला की हा महादेव पेपरातून डोकं वर काढून गिऱ्हाइकाला हसत हसत सांगतो, "नाव ठेवतानाच चुकलो आमी. सत्यभामेचं नाव ठेवलं, मंग ठसका येनारच!"

हे वाक्य ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि का जाऊ नये? नाव ठेवतानाच चुकलो म्हणे! अहो, ती काय बिननावाची आली होती? उरणकडच्या मिठागरात पाय फाटेस्तोवर राबणाऱ्या बापानं तिला नाव दिलं होतं, चांगलं खणखणीत: चांगुणा. लग्न होऊन ती सासरच्या उंबऱ्यावर आली, माप लवंडून आत गेली, आणि कोणी विचारलं नाही की पुसलं नाही. महादेवानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'भामा' असं लिहिलं, पेढे वाटले, झालं. सासू म्हणाली, "ते जुनं नाव म्हातारीचं वाटतं बाय." पुढं माहेरची माणसंही भामाच म्हणू लागली. आई तेवढी चोरून जुन्या नावानं हाक मारायची. आई गेली, आणि चांगुणा हे नाव कोणाच्या तोंडीच राहिलं नाही.

तिला एकच नाद, पोरांचे स्टिकर जमवायचा. चमचमते तारे, फुलपाखरं, डोळा मिचकावणारी अस्वलं, च्युइंगमच्या कागदात निघतात ते वाघ-सिंह, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे वह्यांवर चिकटवायची लेबलं. वर ससा नाहीतर बदक, खाली 'नाव', 'इयत्ता', 'तुकडी'. दुकानात नवा माल आला की प्रत्येकातला एक ताव बाजूला निघायचा आणि लग्नातल्या शालूच्या खोक्यात जाऊन बसायचा. लहानपणी तिच्या वाट्याला कोरी वही कधी आलीच नाही. भावाची अर्धी उरलेली वही, त्यावर भावाच्या नावाचं लेबल, आणि चौथीनंतर तेही संपलं. महादेव म्हणायचा, "केस पिकले नि हिचा पोरखेळ बघा." पण सगळी लेबलं कोरी का, हे त्यानं कधी विचारलं नाही. एकदा तिनं सशाच्या लेबलावर 'भामा' लिहून पाहिलं होतं. दुसऱ्या कुठल्या पोरीची वही चुकून उचलून आणल्यासारखं वाटलं, म्हणून तिनं ते टराटरा फाडून टाकलं.

तर वरच्या खोलीत अपूर्व नावाचा मुलगा भाड्यानं राहायला आला. कॉम्प्युटरवाला, बोलायला गोड, भाडं वेळेवर. पण दर रविवारी दुपारी त्याचे मित्र जमायचे आणि मग वरून आरडाओरडा. एका रविवारी तर "मार, मार त्याला, मुंडकं उडव!" असं ऐकू आलं. भामानं केरसुणी उचलली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

दार ढकलून बघते तर कोणी कोणाला मारत नव्हतं. चौघं जण सतरंजीवर मांडी घालून बसलेले, मध्ये चौकटी आखलेला मोठा कागद, आणि कागदावर फासे.

"फासे?" ती कडाडली. "माज्या घरात जुगार? उचला हे आत्ताच्या आत्ता, नायतर सामान रस्त्यावर फेकीन!"

"काकू, जुगार नाही हो," अपूर्व हात जोडून म्हणाला. "गोष्ट आहे. मी गोष्ट सांगतो, आणि ह्यांतला प्रत्येक जण त्या गोष्टीतला एक माणूस होतो. हा चोर आहे, ती मांत्रिक. काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासा सांगतो."

ती मांत्रिक म्हणजे मिताली, खांदा कॉलनीतली, बँकेत नोकरी करणारी. ती सरकून म्हणाली, "बसा ना काकू. आमचा पूल अडलाय. राक्षस बसलाय पुलावर, जकात मागतोय, आणि आमचा सगळ्यांचा मार खाऊन झालाय."

"कसली जकात?" भामा केरसुणीसकट बसली. "पूल त्याच्या बापानं बांधला काय?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. अपूर्वनं एक कागद तिच्यापुढे सरकवला. "म्हणजे तुम्ही लढवय्या. नाव सांगा."

"कोनाचं?"

"तुमच्या लढवय्या बाईचं. काहीही ठेवा, तुमच्या मनाचं."

तुमच्या मनाचं! उभ्या जन्मात तिला हे कोणी म्हटलं नव्हतं. मनात विचार यायच्या आधीच तोंडातून निघून गेलं, "चांगुणा."

"भारीच सुचलं की!" मिताली म्हणाली. "आडनाव?"

"आडनाव नको. ती दोन-दोन झाल्यात माजी."

आणि मग चांगुणेनं त्या राक्षसाची जी हजेरी घेतली! तलवार काढलीच नाही. दुकानात उधारी बुडवणाऱ्याला झापते तशी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, तुझ्या आयशीला सांगू काय म्हणून दम भरला. अपूर्व हसून हसून आडवा झाला. मग म्हणाला, "फेका फासा." वीस बाजूंचा तो निळा फासा तिनं असा भिरकावला की तो कपाटाखाली गेला. ओणवून पाहिलं तर एकोणीस. राक्षस रडत पुलावरून उतरला.

"चांगुणाताई की जय!" चौघं ओरडली.

आई गेल्यापासून ही हाक तिनं ऐकली नव्हती. तिथून उठून घाईघाईनं खाली आली, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि महादेवानं "काय गं, काढलंस का भायेर त्यांना?" विचारल्यावर त्याच्यावरच खेकसली.

पुढच्या रविवारी ती आपण होऊन वर गेली. त्याच्या पुढच्याही. आता नकाशावर राक्षस म्हणून पेनांची टोपणं ठेवायची वेळ येईना, कारण भामा स्टिकर नेऊ लागली. भुतं म्हणजे हिरवे बेडूक, डाकू म्हणजे ती डोळा मिचकावणारी अस्वलं. पहिल्यांदा बेडूक सोलून काढताना तिचा जीव वरखाली झाला, पण मग म्हणाली, मेलं खोक्यात कुजण्यापेक्षा बरं. आणि चांगुणेच्या कागदावर तिनं सशाचं एक लेबल चिकटवलं, 'नाव'च्या पुढं सावकाश अक्षरं काढली. त्या मुलांना वाटे, काकूंनी काय झकास नाव शोधून काढलंय. हिनंही कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं काय, की हे नाव माझंच होतं आणि मी ते जाऊ दिलं?

घरात मात्र बोंब. तिचा मुलगा निकेश, रेती-खडीचा धंदा, गळ्यात चेन, गावात ऊठबस. "आई, लोकं हसतात. पोरांच्यात बसून फासे कनाला खेळतेस?" असं म्हणत तो तिला खाली न्यायला वर गेला, आणि मितालीला बघून दारातच उभा राहिला. मग आईला खाली आणायचं निमित्त करून दर रविवारी वर जायला लागला. वर्षभरात दोघांचं लग्न ठरलं.

भामाला मिताली आवडायची, चांगली तोंडाळ पोर. पण लग्नाच्या आधी तिनं निकेशला समोर बसवून बजावलं, "एक ध्यानात ठेव, निक्या. पोरीचं नाव बदलायचं नाय. तुज्या बापानं काय म्हटलं, आत्यानं काय म्हटलं, मना सांगू नको. नाय म्हंजे नाय."

"हो गं आई, कोण बदलतंय," निकेश मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

लग्नाच्या दिवशी सकाळी तिनं शालूचं खोकं उघडलं. सगळ्यांत जुना सशाचा ताव काढला, त्यातल्या एका लेबलावर 'मिताली' असं लिहिलं आणि नव्या सुनेच्या कपाटावर, अगदी डोळ्यांसमोर येईल असं चिकटवलं. उरलेला ताव आणि पेन पर्समध्ये टाकलं, आहेराच्या पिशव्यांवर नावं घालायला लागतील म्हणून.

दुपारी वरात घरी आली. माप लवंडलं, ओवाळून झालं, पाटावर दोघं बसली. महादेवाच्या बहिणीनं तांदळाचं ताट आणून निकेशच्या पुढं ठेवलं. भामा म्हणाली, "ते कनाला?" तर नणंद म्हणाली, "रीत हाय वयनी, नुसतं शास्त्र." आणि निकेशनं खाली मान घालून अंगठी काढली, तांदळात लिहायला लागला. नि. मग कि. महादेव पेढ्याचा बॉक्स उघडून उभाच. "निकेशची निकिता! कसं जुळलं बघा!"

भामानं सुनेकडे पाहिलं. मिताली हसत होती, पण तोंडाळ पोरीचं ते हसणं नव्हतं. भामा जवळ वाकली तेव्हा ती तिच्या कानाशी म्हणाली, "आई, मी आधी नाहीच म्हटलं होतं. पण निकेश म्हणाला, तुमची फार इच्छा आहे. मग तुमच्यासाठी म्हणून हो म्हटलं."

माझ्यासाठी!

भामाच्या कानशिलात घण वाजायला लागले. ह्याच्या बापानं केलं ते तोंडावर तरी केलं. ह्या पठ्ठ्यानं आईच्याच खांद्यावर बंदूक ठेवली. तिनं पुढं होऊन दोन्ही हात ताटात घातले आणि त्या नि-कि-तचा पार चेंदामेंदा केला. तांदूळ पाटावर, रांगोळीवर, निकेशच्या शेरवानीवर उडाले.

"अगं आई!" निकेश ओरडला.

"तोंड बंद! माजी इच्छा? मी सांगितलं तुला? काय सांगितलं होतं मी तुला? लाज नाय वाटली, माज्या नावावर खपवलंस ते?" तिचा आवाज फाटला. "ही पोर मना राजी ठेवायला स्वतःचं नाव सोडायला निघाली. मी सोडलं ना एकदा, तेवढं पुरे नाय तुमाला?"

"बरं नाय दिसत चार लोकांत," नणंद कुजबुजली.

"नको दिसू दे!"

महादेव पेढ्याचा बॉक्स घेऊन पुढं आला. घरातला कर्ता म्हणून त्याला बोलणं भाग होतं. "भामा, बस कर."

ती वळली नाही. पाटावरचे तांदूळ एका हातानं झाडत राहिली.

"भामा! तुला सांगतोय!"

"कोन भामा?" ती आता वळली. "हितं कोन भामा नाय."

"म्हंजे?"

"म्हंजे माजं नाव सांगा. इतका संसार केला माज्यासंगं. मी तुमच्या उंबऱ्यात आली तवा माजं नाव काय होतं? पाठ आसंल ना? सांगा."

महादेवानं बहिणीकडे पाहिलं, तिनं पदर सारखा केला. निकेशकडे पाहिलं, पण त्या पोराला आईला दुसरं नाव होतं हेच पहिल्यांदा कळत होतं. घरभर माणसं, मांडवात माणसं, आणि सांगणारं एकही तोंड नाही. "यमु... नाय, यमुना नाय," महादेव पुटपुटला.

"चांगुणा," मिताली हळूच म्हणाली. तिचा हात तोंडावर गेला होता. "आई, ते नाव खेळातलं नव्हतं. तुमचं होतं."

भामानं तिच्याकडे पाहून नुसती मान डोलावली. डोळे भरले होते, पण रडायला तिला वेळ नव्हता. तिनं पर्स उघडली, सशाचा ताव काढला, भिंतीला टेकवून एका लेबलावर 'नाव'च्या पुढं ठळक अक्षरात लिहिलं आणि ते सोलून महादेवाच्या नव्या कुर्त्यावर, बरोबर छातीवर, थापटी मारून चिकटवलं.

"वाचता येतं ना?" ती म्हणाली. "मंग पाठ करा. उद्या विचारीन."