अप्पांनी अध्यक्षपद का सोडलं

अप्पा गेल्याची बातमी मला खाजाभाई पिंजाऱ्यानं दिली. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती आणि मी दाराला कुलूप लावत होतो. तो समोर येऊन उभा राहिला. गावच्या पतपेढीचा चिटणीस मीच असल्यामुळं लोक हप्ता घेऊन शाळेच्या दाराशीच यायचे. तसाच आला असेल असं वाटून मी म्हणालो, "आज नको, सोमवारी आण." त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून तोंडाला लावलं. "गुरुजी... अप्पा गए," एवढंच कसंबसं म्हणाला. दुपारी लिंगायतांच्या रीतीप्रमाणं अप्पांना बसवून, फुलांनी सजवून नेलं. ताठ बसलेले, कपाळावर भस्म... सभेला निघाल्यासारखेच दिसत होते.

गुरुपादअप्पा आमच्या गावातले किराणा दुकानदार. सास्तूरच्या वाटेवर त्यांची थोडी जमीनही होती. घरात कानडी, दुकानात मराठी आणि कचेरीत गेले की मोडकंतोडकं उर्दू. निजामाच्या अमलात त्यांनी खटपट करून गावात पतपेढी काढली. सरकारी कागदावर तिचं नाव होतं 'अंजुमन इमदाद-ए-बाहमी', म्हणजे एकमेकांना मदत करणारी मंडळी. एवढं लांब नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून गाव नुसतं अंजुमन म्हणू लागलं. मारुतीच्या देवळाच्या ओवरीत सतरंजी अंथरायची, अध्यक्षासाठी एकच लाकडी खुर्ची ठेवायची, की झाली आमची कचेरी. दारात कुणीही दिसला की अप्पा म्हणायचे, "बर्री, कूडरी," आणि या माणसानं या बसा म्हटल्यावर शेअर घेतल्याशिवाय उठणं अवघड असायचं. सरकारी खात्याच्या साहेबांनी एकदा त्यांना विचारलं, शहरात बँक असताना हे कशाला? अप्पा म्हणाले, "साहेब, बँकेत माणूस गेला की त्याला इचारतात, तुझ्याकडं काय हाय? इथं आमी त्याच्या शेजाऱ्याला इचारतो, हा कसा हाय? आन् शेजारी खोटं बोलला तर पैसा त्याचाबी बुडतो." साहेब हसले आणि चहा मागितला. वर्षाअखेरी जो नफा उरायचा तो गावातच राहायचा. एका साली त्यातून आडाला नवा रहाट बसला, दुसऱ्या साली सगळ्यांसाठी एकदम करडीचं बियाणं आणलं. बाहेरचा मालक कुणी नव्हताच, तर नफा जाणार कुठं!

माणिकराव आमच्याकडचे मोठे जमीनदार, त्यांचे शेअर सगळ्यांत जास्त. पहिल्याच वार्षिक सभेत त्यांनी हिशेब मांडला, की ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. अप्पा शांतपणे म्हणाले, "माणिकराव, देवानं तुम्हाला हात दोनच दिलेत. त्यातला एक वर करा, तेवढाच मोजू." सगळी ओवरी हसली. माणिकरावही हसले, पण उशिरा. नियमांच्या बाबतीत अप्पांना आपलं-परकं नव्हतं. कर्जाला दोन सभासद जामीन लागत, आणि अध्यक्ष किंवा चिटणीस यांनी जामीन राहायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतः घालून घेतला होता. अध्यक्षच जामीन राहिला तर सभेत नाही म्हणायची कुणाची छाती होईल, असं त्यांचं म्हणणं. सख्खा मेहुणा जामीन मागायला आला तेव्हा त्यालाही त्यांनी हात जोडले. पुढं पंधरा दिवस घरात त्यांना ताट वाढलं जायचं, पण शब्द ऐकू येत नसे. हे ते स्वतःच हसत सांगायचे.

मग ती दोन वर्षं आली... रझाकारांच्या धामधुमीत माणिकरावांची धान्याची बळदं लुटली गेली, बैल नेले, त्यांचा धाकटा भाऊ मार खाऊन कायमचा लंगडा झाला. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि वारं उलटं फिरलं. खाजाभाईचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या, यापलीकडं त्याला जग ठाऊक नव्हतं. तरी त्याचं घर जळलं आणि बायको-मुलांना घेऊन तो नातलगांकडं गुलबर्ग्याला पळाला. काही महिन्यांनी परत आला तेव्हा हातात कापूस पिंजायची पिंजण नव्हती. पिंजाऱ्याजवळ पिंजण नाही म्हणजे चूल नाही. त्यानं अंजुमनकडं कर्जाचा अर्ज केला.

त्या सभेला सतरंजी पुरली नाही. माणिकराव उठले. "याचं नाव सभासदांतनं काढा. आमची बळदं फोडली तवा ह्याचे जातवाले हसत हुते." अप्पांनी मला खाजाभाईचं खातं वाचायला लावलं. मागचं सगळं कर्ज फिटलेलं होतं. "बाकी थकवली तरच नाव काढता येतं. ह्याची बाकी न्हाय," अप्पा म्हणाले, "तुमची बळदं फोडली त्याचं दुःख मला हाय, माणिकराव. पर फोडणाऱ्यांत खाजा हुता का? तुम्ही पाह्यलं का?" माणिकराव खाली बसले. खाजाभाई दाराजवळूनच म्हणाला, "अप्पा, जाऊ द्या. माझ्यापायी भांडण नको. नाव काटून टाका."

"तू गप बस," अप्पा म्हणाले आणि सभेला विचारलं, "जामीन कोण?"

वर्षानुवर्षं त्यानं भरलेल्या गाद्यांवर झोपणारी माणसं सतरंजीच्या दशा ओढत बसली. चिटणीसाला जामीन राहता येत नाही, आणि त्या दिवशी मला तो नियम फार बरा वाटला. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, आता लिहून टाकतो. अप्पांनी दुसऱ्यांदा विचारलं. मग ते खुर्चीतून उठले, सतरंजी ओलांडून दाराजवळ खाजाभाईशेजारी मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, "गुरुजी, लिहा. आजपासून मी अध्यक्ष न्हाय. पहिला जामीन, गुरुपाद."

"अप्पा, असं कसं? नियम..." मी म्हणालो.

"नियमच पाळतोय न्हवं!"

दुसरा जामीन भागीरथीबाई राहिल्या. विधवा बाई, स्वतः औत हाकणाऱ्या. "माझ्या लेकीच्या बाळंतपणाची गादी ह्यानं भरली, आन् पैशे सवडीनं द्या म्हणला. घ्या माझा अंगठा," असं म्हणत त्या पुढं आल्या. कर्ज मंजूर झालं. पुढच्या आठवड्यात पिंजणीचा टणत्कार पुन्हा गल्लीत ऐकू आला, तेव्हा दुकानात तराजू धरून बसलेल्या अप्पांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. मला या माणसाचा अभिमान वाटतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. लोकांनी परत खुर्चीवर बसा म्हणून त्यांना किती विनवलं! खाजाचं कर्ज फिटेपर्यंत नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी माणिकराव अध्यक्ष झाले, आणि त्यांना मत देणाऱ्यांत अप्पांचाही हात वर होता. अप्पा वारले तेव्हा खाजाचे तीन हप्ते राहिले होते. ते साधे सभासद म्हणूनच गेले.

मागच्या सोमवारी त्यांच्या माघारी पहिली सभा झाली. जामीनदार वारला तर दुसरा घ्यावा लागतो, म्हणून मी खातं वाचलं. माणिकराव खुर्चीवरून माझ्याकडं बघत होते. ते "जामीन कोण?" म्हणेपर्यंत हात वर व्हायला लागले होते. एक पाहिजे होता. मी नावं लिहीत गेलो, कागद भरला, उलटून मागं लिहिलं. कोणाचं नाव ठेवायचं यावरून ओवरीत चक्क बाचाबाची झाली, तेव्हा माणिकराव म्हणाले, "समदीच ऱ्हाऊ द्या, गुरुजी."

काल तो कागद जिल्ह्याच्या कचेरीतून शेरा मारून परत आला. एका नावाची गरज असताना एवढे जामीन कशासाठी, आणि यादीतलं शेवटचं नाव चिटणीसाचं असल्यामुळं ते नियमात बसत नाही, असं साहेबांनी लाल शाईत लिहिलं आहे. साहेबांना अजून माझा दुसरा कागद मिळालेला नसावा. त्या सोमवारीच मी चिटणीसपद सोडलं. वरचं सगळं अंजुमनच्या एका साध्या सभासदानं लिहिलं आहे, असं वाचकांनी समजावं.